‘डाय’ लावायचं की नाही? अकरावीच्या वर्गातल्या संयुगांच्या नावांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पूर्व नागपुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. हे प्रकरण तिथल्या अकरावी विज्ञानाच्या एका तुकडीचं आहे. विद्यार्थी ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत, चुका मात्र जशा झाल्या तशाच ठेवल्या आहेत. माझ्यासुद्धा. रासायनिक सूत्रं वर्गात मोठ्यानं म्हणतात तशी लिहिली आहेत.

तुकडीतली निम्मी मुलं शहरातल्या मराठी आणि सेमी शाळांमधून आलेली. बाकीची मौदा, कुही, उमरेड, रामटेक, तुमसर या बाजूची. कुणी रोज एसटीनं ये-जा करणारी, कुणी नंदनवनला तिघांत एक खोली करून राहणारी. आठवी-नववीत यांनी संयुजा (अणूची बंध करण्याची क्षमता), मूलक (प्रभार असलेला अणू किंवा अणुगट), आयनिक बंध, सहसंयुज बंध हे सगळं मराठीतून वाचलेलं असतं. नववीत ‘संयुजांचा तिरकस गुणाकार’ करून सूत्र लिहायला शिकवतात. अकरावीत पुस्तक इंग्रजी होतं आणि पहिल्याच महिन्यात मोलच्या, म्हणजे वजनावरून अणू-रेणू मोजण्याच्या, गणितांना सुरुवात होते. सूत्र चुकलं की मोलर वस्तुमान चुकतं आणि पुढचं सगळं गणित वाया जातं.

आमच्या अकरावीच्या पुस्तकात रासायनिक बंध पाचव्या धड्यात आणि ऑक्सिडेशन नंबर, म्हणजे नावातले ते रोमन आकडे, सहाव्या धड्यात. नावं मात्र पहिल्या दिवसापासून लागतात. ‘येत असतीलच’ असं धरून आम्ही पुढे जातो.

अडचण कुठे दिसली

जुलैमध्ये मी वीस संयुगांची छोटी चाचणी घेतली. दहांची सूत्रं देऊन नावं विचारली, दहांची नावं देऊन सूत्रं. पेपर तपासताना तीन प्रकारच्या चुका पुन्हा पुन्हा दिसल्या.

पहिला प्रकार ‘मॅग्नेशिअम डायक्लोराइड’, ‘डायसोडिअम ऑक्साइड’. ‘डाय’ म्हणजे दोन, ‘ट्राय’ म्हणजे तीन; रूढ नावं मात्र नुसती ‘मॅग्नेशिअम क्लोराइड’, ‘सोडिअम ऑक्साइड’. मी लाल पेनानं गोल केले आणि गुण कापले. या लाल गोलांकडे पुढे परत यावं लागणार आहे.

दुसरा प्रकार याच्या बरोबर उलट. एन टू ओ फाइव्हला ‘नायट्रोजन ऑक्साइड’ आणि पीसीएल थ्री, पीसीएल फाइव्ह या दोघांनाही सरसकट ‘फॉस्फरस क्लोराइड’. म्हणजे जिथे डाय-ट्राय हवं तिथे गायब, आणि नको तिथे हजर.

तिसरा प्रकार मला तेव्हा किरकोळ वाटला. मॅग्नेशिअम ऑक्साइडचं सूत्र बऱ्याच जणांनी एमजी टू ओ टू लिहिलं होतं. दोघांची संयुजा दोन, तिरकस गुणाकार केला, आला आकडा तसा लिहून टाकला. ‘आकडे छोटे करायला विसरले’ असा शेरा मारून मी पान उलटलं. खरा आजार या चुकीत दिसत होता. बाकीच्या दोन चुका म्हणजे त्याचा ताप.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. धातू आणि अधातू असतील तर डाय-ट्राय लावायचं नाही. दोन्ही अधातू असतील तर लावायचं. मुलांनी चौकट आखून उतरवून घेतलं. मला हायसं वाटलं.

मागच्या बाकावरून हात वर आला. हा मुलगा भंडारा जिल्ह्यातल्या मँगनीजच्या पट्ट्यातला. घरातले दोघे खाणीवर कामाला. त्याला इथे ‘भंडाऱ्याचा मुलगा’ म्हणू.

“मॅडम, मंग मँगनीज डायऑक्साइड काहून म्हणतेत? मँगनीज तं धातूच आहे ना.”

प्रश्न बिनचूक होता. मँगनीज म्हणजे विदर्भाच्या ओळखीचा पदार्थ. सरकारी मँगनीज कंपनी मॉइलचं मुख्यालय नागपुरातच आहे, रामटेकजवळच्या मनसरला तिची खाण आहे, आणि भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघणारं डायऑक्साइड प्रतीचं खनिज कोरड्या बॅटऱ्या बनवणाऱ्यांकडे जातं. सेल फोडल्यावर हाताला जी काळी भुकटी लागते तीत हेच असतं. त्यानं हा शब्द पुस्तकात वाचला नव्हता. जेवताना घरात ऐकला होता.

मी म्हटलं, “तो अपवाद आहे.”

पहिला निर्णय

तास संपायला सात-आठ मिनिटं होती, मोलची गणितं पडली होती, आणि ‘अपवाद’ हा शब्द शिक्षकाला फार स्वस्तात मिळतो. त्या दिवशी मी तो खर्च केला. त्याचं व्याज पुढचे दहा दिवस भरलं.

मुलांनी वहीच्या शेवटच्या पानावर ‘अपवाद’ असा मथळा घातला. मँगनीज डायऑक्साइडच्या खाली लेड डायऑक्साइड आलं. मग कुणीतरी रंगाच्या डब्यावर वाचलेलं टायटॅनिअम डायऑक्साइड. नंतर उलट्या बाजूचे अपवाद सुरू झाले. हायड्रोजन आणि गंधक दोन्ही अधातू, तर एच टू एसला ‘डायहायड्रोजन सल्फाइड’ का नाही? एचसीएलला ‘मोनोक्लोराइड’ का नाही? मोरचूद म्हणजे धातूचं संयुग, तरी त्याच्या पूर्ण नावात ‘पेंटा’, म्हणजे पाच, कसं? यादी पान उलटून मागे गेली. एक मुलगी, वर्गातली सगळ्यात नीटनेटक्या वहीची, तास संपल्यावर म्हणाली, “मॅडम, डाय लावू का नको लावू, काही समजूनच नाही राहिलं. त्यापेक्षा सगळं पाठच करते ना.”

तिचं काही चुकत नव्हतं. नियमापेक्षा अपवाद जास्त झाले की पाठांतर हाच शहाणपणाचा मार्ग उरतो.

समोर असलेले पर्याय

तिनं सुचवलेला पाठांतराचा मार्ग मी गंभीरपणे तपासून पाहिला. साठ-सत्तर संयुगांची यादी द्यायची, रोज पाच विचारायची. सीईटीच्या शिकवण्यांमध्ये हेच करतात आणि परीक्षेपुरतं चालतंही. पालकांना ते कळतं, मुलांना सवय असते. पण यादीबाहेरचं एक नाव आलं की मुलगा हात वर करून बसतो, आणि बारावीला डी-गटाची मूलद्रव्यं (लोह, तांबं, मँगनीज यांसारखे धातू) आली की यादी अपुरी पडते.

दुसरा मार्ग म्हणजे माझाच नियम सुधारून तक्ता करायचा. धातू आहे का? त्याची संयुजा एकच की अनेक? अनेक असेल तर रोमन आकडा. अधातू असेल तर हायड्रोजन आहे का? बहुतेक मार्गदर्शकांत असाच बाणांचा तक्ता असतो. तो चुकीचा नाही. पण मूल बाण पाळतं, अणूंचा विचार करत नाही. आणि मँगनीज डायऑक्साइड त्या तक्त्यातून ‘मँगनीज(फोर) ऑक्साइड’ म्हणूनच बाहेर पडलं असतं. आमच्या प्रयोगशाळेतल्या बाटलीवरचं नाव तेव्हाही अपवादच ठरलं असतं.

तिसरा मार्ग महागडा होता. मोल थांबवायचे, बंधांचा भाग पुढे ओढायचा, आणि नाव शेवटी आणायचं. यात किमान आठवडा जाणार होता. विभागातल्या ज्येष्ठ मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, “कर, पण घटक चाचणीचा अभ्यासक्रम कुणी तुझ्यासाठी कमी करणार नाही, हे ध्यानात ठेव.”

मी तिसरा मार्ग घेतला तो उदात्त विचारानं नाही. त्या आठवड्यात एमजी टू ओ टू दुसऱ्यांदा तपासायला आलं. एका मुलानं ते कापून एमजीओ केलं होतं, आणि त्याच हातानं खालच्या प्रश्नात हायड्रोजन पेरॉक्साइडचं एच टू ओ टू कापून ‘एचओ’ केलं होतं. तेव्हा कळलं. सूत्रातला आकडा नेमकं काय मोजतो, हेच या मुलांना कुणी सांगितलेलं नव्हतं. आकड्याचा अर्थ ठाऊक नसेल तर तो नावात बोलायचा की गाळायचा, हे कसं ठरवणार?

काय केलं: कॅरम आणि सुट्टे पैसे

जिमखान्यातून कॅरमच्या सोंगट्या आणल्या. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, राणी खिशात. काळी म्हणजे सोडिअमचा धन आयन, पांढरी म्हणजे क्लोराइडचा ऋण आयन. विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढतात, सारखे ढकलतात, एवढंच सांगून मुलांना त्या टेबलावर शक्य तितक्या जवळ मांडायला लावल्या. दोन-तीन प्रयत्नांत बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी झाली. मधल्या काळीला चारही बाजूंनी पांढऱ्या. वर आणखी एक थर, खाली आणखी एक थर आहे असं धरलं तर सहा.

“आता यातला मिठाचा एक रेणू उचलून दाखवा.”

एकानं एक काळी आणि तिच्या उजवीकडची पांढरी उचलली. दुसरा म्हणाला, “डावीकडची काहून नाही?” वाद सुरू झाला, आणि मला हवा होता तोच. मिठाच्या खड्यात सोडिअम कुठल्या एका क्लोरीनचा नसतोच. तो सहाही शेजाऱ्यांचा सारखाच. मग एनएसीएल हे सूत्र कशाचं? प्रमाणाचं. एकास एक. मॅग्नेशिअम ऑक्साइडमध्येही तेच. दोनास दोन म्हणजे एकास एकच, म्हणून कापायचं. हायड्रोजन पेरॉक्साइडची गोष्ट वेगळी. तिथे दोन ऑक्सिजन एकमेकांना धरून आहेत, प्रत्येकाला एकेक हायड्रोजन, अशी चार अणूंची सुटी वस्तू खरोखर असते. एच टू ओ टू हे तिच्यातल्या अणूंचं मोजमाप. ते कापलं तर वस्तूच मोडते.

मुलांच्या वहीतल्या मिठाच्या जुन्या आकृत्यांमध्ये एनए आणि सीएलच्या मध्ये काडी होती. ती काडी त्या दिवशी त्यांनी स्वतः खोडली.

दुसऱ्या दिवशी पैसे. मॅग्नेशिअमच्या बाहेरच्या कवचात दोन इलेक्ट्रॉन, ते देऊन टाकले की त्याचं अष्टक, म्हणजे बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण. क्लोरीनला एकच हवा. दोन रुपये देणारा एक असेल तर एकेक रुपया घेणारे दोन लागतात. ॲल्युमिनिअम तीन देतो, ऑक्सिजन दोन घेतो; हिशोब सहा रुपयांवर जुळतो, म्हणून दोनास तीन. तिरकस गुणाकार म्हणजे हाच हिशोब, घाईत केलेला. हे झाल्यावर मी विचारलं: मॅग्नेशिअम आणि क्लोरीन यांचा हिशोब दुसऱ्या कुठल्या प्रमाणात जुळेल? कुठल्याच नाही. मग ‘मॅग्नेशिअम क्लोराइड’ एवढं ऐकून तुम्ही सूत्र लिहू शकता का? हो. ‘डाय’ सांगितल्यानं नवीन काही कळलं का?

वर्ग गप्प. मग भंडाऱ्याचा मुलगा हळूच म्हणाला, “म्हणजे डाय चूक नाही, फुकट आहे.”

एवढ्या नेमक्या शब्दांत मला ते सांगता आलं नसतं.

मग कार्बन आणि ऑक्सिजन. इथे देणं-घेणं नाही, भागीदारी आहे, आणि ती एकाहून अधिक प्रकारे जमते. ‘कार्बन ऑक्साइड’ म्हटलं तर बंद खोलीत शेगडी पेटवल्यावर जीव घेणारा वायू की सोडावॉटरमधला? इथे मोनो आणि डाय गाळणं परवडत नाही. कोराडीच्या वीजकेंद्राच्या धुराड्यातून कोळशातल्या गंधकामुळे सल्फर डायऑक्साइड निघतो. त्याचा पुढे ट्रायऑक्साइड झाला की पाण्याशी मिळून सल्फ्युरिक आम्ल. एका ऑक्सिजनचा फरक, म्हणून तो नावात बोलावाच लागतो.

आता नियमाची जागा एका प्रश्नानं घेतली. *नाव ऐकून सूत्र एकच निघतं का?* निघत असेल तर मोजणीचा शब्द अनावश्यक. निघत नसेल तर मोजणी हवी, नाहीतर रोमन आकडा हवा.

हा प्रश्न घेऊन आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर गेलो. हायड्रोजन सल्फाइड: हायड्रोजनची संयुजा एक, गंधकाची इथे दोन, आणि ‘सल्फाइड’ म्हटल्यावर एच टू एस एवढंच मनात येतं. डाय नको. मोरचूद: कॉपर आणि सल्फेट यांचा हिशोब प्रभारानं ठरतो, पण स्फटिकात पाण्याचे रेणू किती हे प्रभारानं ठरत नाही, तापवत गेलं तर ते टप्प्याटप्प्यानं कमी होतात. म्हणून पाण्यापुरतं ‘पेंटा’. हिराकशीत तेच ‘हेप्टा’, म्हणजे सात. आणि मँगनीज: मँगनीज(टू) ऑक्साइड असतं, (थ्री) असतं, (फोर) असतं. नुसतं ‘मँगनीज ऑक्साइड’ म्हणून भागत नाही. मग ‘डायऑक्साइड’ म्हणा किंवा ‘मँगनीज(फोर) ऑक्साइड’, गोंधळ दोन्हींनी मिटतो. ही रोमन आकड्यांची पद्धत आल्फ्रेड स्टॉक या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १९१९ मध्ये मांडली, म्हणून तिला स्टॉक पद्धत म्हणतात.

अपवादांचं पान जवळजवळ रिकामं झालं. मुलांनी ते फाडलं नाही, त्यावर रेघा मारल्या. मला ते जास्त आवडलं.

लाल गोलांचं काय?

इथे मला न ठरवलेला निर्णय घ्यावा लागला. ‘डाय चूक नाही, फुकट आहे’ हे खरं असेल, तर जुलैत मी गुण कापले ते कशासाठी? घरी जाऊन आययूपॅकच्या (रासायनिक नावांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या) २००५ सालच्या अकार्बनी नामकरणाच्या शिफारशी काढल्या. तिथे स्पष्ट आहे: जिथे प्रमाणाबद्दल संदिग्धता नाही, तिथे संख्यादर्शक उपपदं गाळता येतात. गाळलीच पाहिजेत, असं नाही. कॅल्शिअम फॉस्फाइडला ‘ट्रायकॅल्शिअम डायफॉस्फाइड’ म्हटलं तरी चालतं. म्हणजे ‘मॅग्नेशिअम डायक्लोराइड’ हे रूढ नाव नसेल, पण चूक नव्हतं. चूक माझी होती.

गुण परत द्यायचे का? एक सहकारी म्हणाले, कशाला, बोर्डात डाय लिहिलं तर तपासणारा कापूच शकतो, मुलांना आताच धडा मिळालेला बरा. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. मी गुण परत दिले आणि वर्गाला दोन्ही गोष्टी सांगितल्या: हे नाव शास्त्राच्या दृष्टीनं चालतं, परीक्षेत मात्र रूढ नाव लिहा, कारण तपासणाऱ्याशी तुम्ही तिथे वाद घालू शकत नाही. ‘फॉस्फरस क्लोराइड’चे कापलेले गुण मात्र तसेच राहिले. त्या नावातून सूत्र निघत नाही.

निकाल

ऑगस्टच्या शेवटी तशाच स्वरूपाची, पण नव्या संयुगांची चाचणी घेतली. अनावश्यक डाय जवळपास गेले. एमजी टू ओ टू दोघांच्याच पेपरात दिसलं. फेरस-फेरिक (लोहाच्या दोन आणि तीन प्रभाराची जुनी नावं) आणि रोमन आकड्यांची सांगड अजून कच्ची होती, पण सहाव्या धड्यात ऑक्सिडेशन नंबर आला तेव्हा ‘हा आकडा कशासाठी’ हे शिकवावं लागलं नाही. फक्त काढायचा कसा, एवढंच उरलं होतं.

किंमतही मोजली. मोलची गणितं आठवडाभर मागे पडली, पहिल्या घटक चाचणीत आमच्या तुकडीचे त्या भागातले गुण शेजारच्या तुकडीपेक्षा कमी आले, आणि एका पालकांनी प्राचार्यांना विचारलं, “रसायनच्या तासाला कॅरम खेळवतात म्हणे?” प्राचार्यांनी मला बोलावून नुसतं हसून पाहिलं. ते हसणं कोणत्या प्रकारचं होतं, हे मी अजून ठरवलेलं नाही.

जे सुटलं

नोव्हेंबरात क्षार ओळखण्याची प्रात्यक्षिकं सुरू झाली. सल्फेटची चाचणी दाखवायची होती. एका गटानं फडताळातून ‘सोडिअम सल्फाइट’ची बाटली उचलली, हवी होती ‘सल्फेट’ची. बेरिअम क्लोराइड घातल्यावर पांढरा साका आला, मुलं खूश. मग विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं. सल्फेटचा साका त्यात विरघळत नाही. यांचा विरघळला, आणि जळत्या काडेपेटीसारखा घसा पकडणारा वास सुटला. सल्फर डायऑक्साइड. खिडक्या उघडल्या, मुलांना व्हरांड्यात काढलं, दोघांना थोडा वेळ ठसका लागला. प्रमाण कमी होतं म्हणून तेवढ्यावर निभावलं.

प्रयोगशाळेतले काका बाटली बघून म्हणाले, “यावर काय लिहिलंय ते वाचलंच नाही का?” मुलगी म्हणाली, “वाचलं ना काका, सल्फेटच वाटलं.”

मला ओशाळं झालं, कारण हे माझ्या आठवड्यात बसायला हवं होतं. सल्फाइड, सल्फाइट, सल्फेट: शेवटच्या एका अक्षरात संपूर्ण पदार्थ बदलतो. पहिल्यात नुसतं गंधक, दुसऱ्यात गंधकाबरोबर तीन ऑक्सिजन, तिसऱ्यात चार. मी डाय-ट्रायच्या मागे इतकी लागले होते की अनेक अणूंची मूलकं ‘नंतर बघू’ म्हणून ठेवून दिली होती. गंमत अशी की ‘नाव ऐकून सूत्र एकच निघतं का’ या प्रश्नाला इथे उत्तर ‘हो’ आहे. फक्त कानाला ते नीट ऐकू यायला हवं. मराठी बोलताना आपण शेवटचा व्यंजन गिळतो. मोठ्यानं म्हणून घ्यायचा सराव मी एकदाही घेतला नव्हता.

आता वेगळं काय करेन

पहिली गोष्ट, सुरुवात बाटल्यांपासून करेन. आमच्या एकाच फडताळात ‘फेरिक क्लोराइड’, ‘कॉपर सल्फेट’ आणि ‘मँगनीज डायऑक्साइड’ शेजारी शेजारी आहेत, म्हणजे नावं ठेवण्याच्या तीन रीती एका हाताच्या अंतरावर. काकांच्या जुन्या नोंदवहीत चौथीही सापडते: हिराकस, नवसागर, तुरटी. ‘मोरचूद’ म्हटल्यावर निळा रंग डोळ्यांपुढे येतो, तांबं येत नाही. १७८७ मध्ये पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी नव्या नामकरणाची पद्धत मांडली ती याच अडचणीवर. नावातून घटक कळावेत म्हणून. हे मुलांना पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर ‘डाय कशाला’ हा प्रश्न त्यांनीच विचारला असता. आमच्या भागात चुना तर बोलायलाच नको, खर्रा घोटणाऱ्याच्या तळहातावर कॅल्शिअम हायड्रॉक्साइडचं प्रात्यक्षिक रोज चालतं. (खर्रा खाऊ नका, हे वाक्य मी त्या तासाला तीनदा म्हटलं. एकदा मागच्या दोन बाकांकडे बघून.)

दुसरी गोष्ट, ‘धातू असला की आयनिक’ हे वाक्य मी इतक्या ठामपणे म्हणणार नाही. मँगनीजचंच बघा. त्याचं हेप्टॉक्साइड, एमएन टू ओ सेव्हन, हे गडद हिरवं तेलकट द्रव असतं, सहसंयुज रेणूंचं, आणि स्फोटक. ते वर्गात करून दाखवायची वस्तू नव्हे, पण खाणीच्या गावातल्या मुलाला नुसतं सांगितलं तरी त्याचे डोळे मोठे होतात. प्रभार जितका वाढतो तितका धातू ‘देऊन टाकण्या’कडून ‘भागीदारी’कडे सरकतो. हा मुद्दा कॅरमच्या सोंगट्यांत बसत नाही, आणि तो बसत नाही हे मुलांना तेव्हाच सांगायला हवं होतं.

तिसरी गोष्ट, रोमन आकडाही सगळीकडे चालत नाही हे एखाद्या उदाहरणानं दाखवेन. डिसेंबरात भंडाऱ्याचा मुलगा एफई थ्री ओ फोरचा ऑक्सिडेशन नंबर काढून घेऊन आला: आठ भागिले तीन, म्हणजे अडीचच्या वर काहीतरी. “मॅडम, रोमनमध्ये पावणेतीन कसे लिहितेत?” त्यात एक लोह दोनचं आणि दोन लोह तीनची, मिळून एकाच स्फटिकात, हे समजावलं. लाल शिसं, शेंदूर म्हणून पुस्तकात येणारं पीबी थ्री ओ फोर, तेही असंच मिश्र. तिथे ‘ट्रायआयर्न टेट्राऑक्साइड’ हे साधं मोजणीचं नाव जास्त सोयीचं पडतं. म्हणजे ज्या डाय-ट्रायला मी जुलैत धातूंच्या दारातून हाकललं होतं, तेच इथे कामाला आलं.

आणि ‘अपवाद’ हा शब्द वापरण्याआधी निदान एक रात्र थांबेन.

जानेवारीत अकरावीच्या नवव्या धड्यात ॲल्युमिनिअम क्लोराइड आलं. पुस्तकात सूत्र एएल सीएल थ्री. मी सांगितलं की ते साधारण १८० अंश सेल्सिअसला न वितळता सरळ वाफ होतं, आणि वाफेत दोन-दोन एकके जोडून एएल टू सीएल सिक्स असे रेणू असतात.

नीटनेटक्या वहीच्या मुलीचा हात वर गेला. “मॅडम, मंग खड्याचं नाव ॲल्युमिनिअम क्लोराइड, आणि वाफेचं डायॲल्युमिनिअम हेक्झाक्लोराइड?”

तास संपायला सात-आठ मिनिटं होती. मी खडू खाली ठेवला आणि म्हटलं, “हो. का, ते तूच सांग.”